व्हँडरबिल्ट प्रकरण: एक पहाट, चार खटले, पाच वर्षं

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंवरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात २३ जून ही तारीख तीनदा येते. २०१३ साली त्या दिवशी पहाटे गुन्हा घडला. २०१५ साली त्याच दिवशी न्यायाधीशांनी दोन आरोपींना दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. आणि २०१७ साली पुन्हा त्याच दिवशी तिसरा आरोपी दोषी ठरला. निव्वळ योगायोग. पण ज्या मुलीवर ती पहाट ओढवली, तिने ही तारीख विसरायचा प्रयत्न केला असेल तर कोर्टाने दोनदा तो हाणून पाडला.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं लागतात, त्यातली मोजकी चालतात आणि बाकीच्यांना दुपारपर्यंत रोजनाम्यात पुढची तारीख पडते. त्यामुळे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या खेळाडूंवरचं प्रकरण पाच वर्षं चाललं, हे ऐकून मला धक्का वगैरे बसला नाही. मी ते वाचत बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. इथे पुरावा पहिल्याच आठवड्यात हाती आला होता, तोही कॅमेऱ्यातला. आरोपी फरार नव्हते. साक्षीदार फुटले नाहीत. चारही खटल्यांत न्यायाधीश एकच होते, मॉन्टी वॉटकिन्स. आपण विलंबाचं खापर ज्या ज्या गोष्टींवर फोडतो त्या सगळ्या वजा केल्या, तरी पाच वर्षं शिल्लक राहतात. ती गेली कुठे, एवढाच माझा प्रश्न होता.

नॅशव्हिल ही टेनेसी राज्याची राजधानी. तिथलं व्हँडरबिल्ट हे खासगी विद्यापीठ अभ्यासासाठी नावाजलेलं आहे, आणि फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे) ते देशातल्या सर्वात तगड्या गटांपैकी एका गटात, साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळतं. त्या गटात ते बहुतेक वेळा मार खायचं. जेम्स फ्रँकलिन प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१२ व २०१३ या लागोपाठच्या हंगामांत संघाने नऊ-नऊ सामने जिंकले. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणल्या तर अंदाज चुकेल. तिकडे कॉलेजच्या सामन्याला हजारो माणसं तिकीट काढून येतात, सामने टीव्हीवर दिसतात, आणि चांगला खेळाडू शोधून, शिष्यवृत्ती देऊन आणला जातो. ब्रँडन व्हँडनबर्ग हा तसाच आणलेला. कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून तो नुकताच नॅशव्हिलला आला होता.

२२ जूनच्या रात्री एक २१ वर्षांची विद्यार्थिनी त्याच्यासोबत बाहेर गेली होती. पहाटे तो तिला बेशुद्ध अवस्थेत गाडीतून जिलेट या वसतिगृहावर घेऊन आला. तिथे त्याला संघातले तिघे भेटले: कोरी बॅटी, ब्रँडन बँक्स आणि जबोरियन मॅकेंझी. तिला उचलून व्हँडनबर्गच्या खोलीत नेण्यात आलं. आत तिच्यावर सामूहिक लैंगिक अत्याचार झाला, मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढले गेले, आणि ते कॅलिफोर्नियातल्या मित्रांपर्यंतही पोचले. सकाळी तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. तू फार प्यायली होतीस, मीच रात्रभर तुझ्याकडे बघितलं, असं व्हँडनबर्गने तिला सांगितलं. तिचा त्यावर विश्वास बसला.

आता हे उघडकीला कसं आलं ते बघा. वसतिगृहातल्या एका दाराची कुणीतरी मोडतोड केली होती. ती कुणी केली हे शोधायला विद्यापीठाच्या माणसांनी दोन-तीन दिवसांनी कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काढून बघितलं. दार फोडणारा शोधता शोधता पडद्यावर दिसली ती निपचित पडलेली मुलगी, आणि तिला उचलून नेणारी धिप्पाड मुलं. तिथून पोलीस. म्हणजे या प्रकरणात फिर्याद घेऊन कुणी पोलिसांत गेलंच नव्हतं. ते दार शाबूत राहिलं असतं, तर आज मी हे लिहीत नसतो आणि त्या मुलीलाही आपल्यावर काय गुदरलं ते कदाचित कधीच कळलं नसतं.

जून संपायच्या आत चौघांना संघातून काढलं, विद्यापीठाच्या आवारात यायला बंदी केली. ९ ऑगस्ट २०१३ रोजी ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) चौघांवर आरोप निश्चित केले: गंभीर स्वरूपाच्या बलात्काराचे पाच आणि गंभीर लैंगिक हल्ल्याचे दोन. व्हँडनबर्गवर पुरावा नष्ट करण्याचा आणि बेकायदा चित्रणाचा आरोप वेगळा. गुन्ह्यापासून आरोपापर्यंत सात आठवडेही लागले नाहीत. आमच्या कोर्टात एवढ्या वेळात न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल हाती पडला तरी आम्ही चहा पाजतो.

पहिले सतरा महिने

खटला उभा राहिला जानेवारी २०१५ मध्ये. मधल्या काळात तारीख एकाहून अधिक वेळा पुढे गेली. या टप्प्यावरच्या विलंबाबद्दल मला फारशी तक्रार नाही, आणि ती का नाही हे सांगतो.

डिजिटल पुरावा झटपट मिळतो, झटपट सिद्ध होत नाही. मोबाइलमधून पुसलेलं परत मिळवायचं, कॅलिफोर्नियातल्या मित्रांच्या उपकरणांतून व्हिडिओ शोधून काढायचा, प्रत्येक फाइल कुठल्या फोनवरून किती वाजता निघाली याची साखळी जुळवायची, आणि मग हे सगळं बचाव पक्षाच्या प्रत्येक वकिलाच्या हवाली करायचं. आरोपी चार, प्रत्येकाचं वकीलपत्र वेगळं, प्रत्येकाचा बचाव दुसऱ्याच्या अंगावर जाणारा. एकाचं म्हणणं, मी तिला हातही लावला नाही. दुसऱ्याचं, मी इतका प्यायलेलो होतो की मला काही आठवतच नाही. या वकिलांना तयारीला वेळ न देता खटला रेटला असता तर अपिलात तो पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला असता.

विलंबाने पुरावा सहसा सडतो. साक्षीदार विसरतात, दुसऱ्या गावी जातात, मरतात. इथे तसं होणार नव्हतं. व्हिडिओ दीड वर्षाने बघा नाहीतर दहा वर्षांनी, तो तसाच राहतो. आणि पीडितेच्या आठवणीवर खटला टेकलेलाच नव्हता, कारण तिला आठवणच नव्हती. त्यामुळे या प्रकरणात विलंबाचा तोटा पुराव्याला झाला नाही. तो सगळाच्या सगळा माणसांच्या वाट्याला आला.

मात्र याच काळात एक दार बंद होऊ लागलं, ज्याची चर्चा कमी होते. 'द टेनेसीयन' या स्थानिक दैनिकाने आणि इतर माध्यमांनी मिळून पोलिसांकडच्या नोंदी मागितल्या. प्रशिक्षकांना काय माहीत होतं, खेळाडूंचे कोणाशी काय संदेश झाले, हे लोकांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१६ मध्ये निकाल लागला: खटला प्रलंबित आहे तोवर त्या नोंदी मिळणार नाहीत. कायदा म्हणून निकाल पटण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की खटला जितका लांबेल तितकं संस्थेबद्दलचं माहितीचं कपाटही बंद. फ्रँकलिन तर जानेवारी २०१४ मध्येच पेन स्टेट विद्यापीठात रुजू झाले होते. नोंदी उघडतील तेव्हा प्रश्न विचारायला समोर माणूसच नसणार.

एक न उंचावलेला हात

जानेवारी २०१५ मध्ये व्हँडनबर्ग आणि बॅटी या दोघांवर एकत्र खटला चालला. मॅकेंझी सरकार पक्षातर्फे साक्षीला उभा राहिला. २७ जानेवारीला ज्युरीने, म्हणजे कौल द्यायला निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, सुमारे तीन तासांत दोघांना सगळ्या आरोपांवर दोषी ठरवलं. लोकांना वाटलं, संपलं. शिक्षा सुनावणं तेवढं बाकी होतं.

ज्युरी ही गोष्ट आपल्याकडे आता कुणी बघितलेली नाही, म्हणून थोडं विषयांतर. मुंबईत १९५९ साली नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो न पटून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि पुढे ज्युरी पद्धतच हळूहळू गेली. आपल्याकडे ज्युरीची भीती अशी की ती बाहेरच्या हवेने वाहवत जाईल. अमेरिकेत ज्युरी हा आरोपीचा घटनादत्त हक्क आहे, आणि म्हणून ती निवडताना खटल्याआधी दिवसचे दिवस उमेदवारांना प्रश्न विचारले जातात. त्यातला एक प्रश्न लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यात ठरलेला: तुम्ही स्वतः किंवा तुमच्या जवळचं कुणी अशा गुन्ह्याचं बळी ठरलं आहे का?

या ज्युरीच्या प्रमुखाने त्या प्रश्नावर काही सांगितलं नाही. निकालानंतर बाहेर आलं की तो अल्पवयीन असताना एका प्रौढ माणसावर अल्पवयीनाशी लैंगिक संबंधांचा खटला झाला होता, आणि त्या खटल्यात पीडित म्हणून याचंच नाव होतं. बचाव पक्षाने अर्ज केला. त्याला कोर्टात बोलावून शपथेवर विचारलं. त्याचं उत्तर साधारण असं होतं, की मी स्वतःला कधी पीडित मानलंच नाही, माझ्या लेखी तो संबंध संमतीचा होता, त्यामुळे हा प्रश्न मला लागू आहे असं मला वाटलं नाही.

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं आहे. माणूस खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. कायद्याच्या कागदावरचा पीडित आणि माणसाच्या मनातला पीडित यांच्यातली ही दरी आम्ही वकील रोज बघतो. पोक्सोच्या खटल्यात सोळा-सतरा वर्षांची मुलगी पिंजऱ्यात उभी राहून सांगते, मला पळवलं नव्हतं, मीच गेले होते, आणि कागदावर ती पीडिताच असते. चूक प्रश्नात होती. 'बळी' हा शब्द माणसाला स्वतःबद्दलचा निवाडा करायला लावतो. त्याऐवजी 'कुठल्याही फौजदारी प्रकरणात फिर्यादी, पीडित, साक्षीदार किंवा आरोपी म्हणून तुमचं नाव कागदोपत्री आलं आहे का' असं विचारलं असतं तर त्याला हो म्हणावंच लागलं असतं, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी बसला असता. एका वाक्याच्या शब्दयोजनेचा प्रश्न होता.

२३ जून २०१५ रोजी वॉटकिन्स यांनी मिस्ट्रायल जाहीर केलं. दोघांना दोषी ठरवणारा निकाल रद्द, खटला पुन्हा पहिल्यापासून. मला हा निर्णय बरोबर वाटतो, आणि तो घेणाऱ्या माणसाचा मला हेवा अजिबात वाटत नाही. पुरावा समोर आहे, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला आहे, दुसऱ्या खटल्यातही हेच होणार हे दिसतं आहे, आणि तरीही निकाल फाडायचा. न फाडता शिक्षा सुनावली असती, तर अपील न्यायालयाने तीन-चार वर्षांनी तो फाडला असता आणि मग २०१९ मध्ये सगळं पुन्हा सुरू झालं असतं. उशीर टाळायला केलेली घाई दुप्पट उशीर करते, हे कुठल्याही अपिलाच्या फाइलीत दिसेल.

पण किंमत काय पडली? व्हँडनबर्ग पुन्हा दोषी ठरला १८ जून २०१६ रोजी. म्हणजे २७ जानेवारी २०१५ ला जिथे पोचलो होतो, तिथेच परत यायला जवळजवळ सतरा महिने. पहिल्या खटल्याच्या तयारीला लागले होते तेवढेच.

पुन्हा, आणि पुन्हा

दुसऱ्या फेरीत दोघांचे खटले वेगळे झाले. एकमेकांवर ढकलणारे दोन आरोपी एका पिंजऱ्यात नकोत, हे तत्त्व म्हणून रास्तच आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की जी गोष्ट एकदा सांगून भागली असती ती दोनदा सांगायची. एप्रिल २०१६ मध्ये बॅटी मुख्य आरोपावर पुन्हा दोषी ठरला, त्याला जुलैमध्ये १५ वर्षं मिळाली. जूनमध्ये व्हँडनबर्ग. त्याच्यासाठी ज्युरी मेम्फिसमधून निवडून साधारण ३४० किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला आणली, कारण नॅशव्हिलमध्ये हे प्रकरण न ऐकलेला माणूस सापडणं मुश्कील झालं होतं. विलंबाचा हा एक उपपरिणाम. प्रकरण जितकं लांबतं तितकं बातम्यांत राहतं, जितकं बातम्यांत राहतं तितकी निःपक्ष ज्युरी मिळणं अवघड, आणि मग ती मिळवायला आणखी खटाटोप. नोव्हेंबरमध्ये त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत एक तुलना जोरात सुरू होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जलतरणपटू ब्रॉक टर्नर याने जानेवारी २०१५ मध्ये एका बेशुद्ध मुलीवर अत्याचार केला होता. मार्च २०१६ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांत, तो दोषी ठरला, आणि जूनमध्ये न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी त्याला सहा महिने दिले. त्यातले तीनच महिने काढून तो बाहेर आला. टर्नर गोरा, बॅटी कृष्णवर्णीय, आणि दोन्ही शिक्षा सहा आठवड्यांच्या अंतराने. लोकांनी जो अर्थ लावायचा तो लावला, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फक्त एक तांत्रिक गोष्ट त्या गदारोळात हरवली: टेनेसीत या गुन्ह्याला किमान १५ वर्षं ठरलेली आहेत, पॅरोल नाही, आणि न्यायाधीशाला खाली यायला जागा नाही. व्हँडनबर्ग गोरा होता, त्यालाही १५ च्या वरचीच झाली. मला त्या तुलनेत दिसतं ते असं, की लवकर लागलेला निकाल आणि न्याय्य वाटणारा निकाल यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. स्टॅनफर्डच्या प्रकरणात सगळं वेळेत झालं, आणि पर्स्कींना २०१८ मध्ये मतदारांनी घरी बसवलं.

मग बँक्स. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ज्या मुलांनी व्हँडरबिल्टमध्ये पहिलं पाऊल टाकलं (जिलेट हे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वसाहतीतलंच वसतिगृह), ती चार वर्षांचं शिक्षण संपवून मे २०१७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. बँक्सचा खटला सुरू झाला त्याच्या पुढच्या महिन्यात. त्याचा बचाव होता की मी दडपणाखाली होतो, बरोबरच्यांची भीती वाटत होती. ज्युरीने त्याला बलात्काराच्या एका आणि लैंगिक हल्ल्याच्या एका आरोपावर दोषी धरलं, उरलेल्या पाचांतून सोडलं. शिक्षा १५ वर्षं. व्हँडनबर्गविरुद्ध सगळे आरोप शाबीत, इथे सातातले दोन. पुरावा बहुतांश तोच होता. चार वर्षांत चार ज्युऱ्या बसल्या की चार तऱ्हांनी बघणार, हेही विलंबाच्या हिशेबात धरायला हवं.

त्या मुलीने चारही खटल्यांत साक्ष दिली. पहिल्यांदा जानेवारी २०१५, मग एप्रिल २०१६, मग जून २०१६, मग जून २०१७. तिला त्या रात्रीचं काहीच आठवत नसल्यामुळे तिची साक्ष ही खरं तर शोधाची साक्ष होती: मला कसं कळलं, कुणी सांगितलं, मी आधी व्हँडनबर्गवर विश्वास का ठेवला. उलटतपासणीत हेच शेवटचे प्रश्न जास्त बोचरे असतात. चार वेळा तीच गोष्ट शपथेवर सांगायची म्हणजे दरवेळी आधीच्या साक्षीची प्रत वकिलाच्या हातात, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की 'मागच्या वेळी तुम्ही असं म्हणाला होतात'. मी स्वतः बचावाच्या बाजूने असे प्रश्न विचारले आहेत. ते विचारणं माझं काम आहे. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा बघायचं मात्र मी टाळतो.

हक्क कुणाचा

जलद खटल्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेत सहाव्या दुरुस्तीने आला, आणि तो आरोपीचा हक्क आहे. त्याचा मापदंड १९७२ च्या बार्कर विरुद्ध विंगो या निकालात आहे: विलंब किती, कारण काय, आरोपीने तक्रार केली का, त्याचं नुकसान झालं का. गंमत अशी की ते बार्कर प्रकरण नॅशव्हिलपासून फार लांबचं नाही. शेजारच्या केंटकी राज्यातल्या, टेनेसीच्या सीमेला लागून असलेल्या एका काउंटीतला तो खुनाचा खटला. सरकारने सोळा वेळा मुदत मागितली, खटला पाच वर्षांहून जास्त लांबला, आणि तरीही सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हक्काचा भंग झाला नाही, कारण बार्करला स्वतःलाच खटला लवकर नको होता. जामिनावर बाहेर असलेल्या आरोपीला विलंब बहुधा सोयीचाच असतो. निकालपत्रात हे इतकं स्वच्छ लिहिलं आहे की आमच्या तरुण सहकाऱ्यांना मी ते वाचायला देतो.

खेळाडू आरोपीचं गणित मात्र थोडं निराळं असतं. कॉलेजच्या खेळाडूला त्या काळच्या नियमाने पाच वर्षांत चार हंगाम खेळता यायचे. घड्याळ सुरू झालं की थांबत नाही, खटला असो नसो. दोषी असलेल्याला ते घड्याळ संपल्याचं कुणी वाईट वाटून घेणार नाही. पण ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) संघाचं प्रकरण आठवा. मार्च २००६ मध्ये बलात्काराचे आरोप झाले, तिघांवर खटला भरला, आणि एप्रिल २००७ मध्ये राज्याचे महाधिवक्ता रॉय कूपर यांनी तिघेही निर्दोष असल्याचं जाहीर केलं. सरकारी वकील माइक निफॉन्ग यांनी डीएनएचे निष्कर्ष दडवले होते, ते त्या वर्षभरात बचाव पक्षाने अहवालांचे गठ्ठे उपसून शोधले. निफॉन्ग यांची सनद गेली. तिथे घाईघाईने खटला उभा राहिला असता तर? म्हणून 'लवकर उरका' म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, कोणता टप्पा लवकर?

कारण सर्वात घातक विलंब कोर्टात दिसतच नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू जेमिस विन्स्टन याच्याविरुद्धची बलात्काराची तक्रार डिसेंबर २०१२ ची. त्याचा डीएनए घेतला गेला जवळजवळ वर्षाने, नोव्हेंबर २०१३ मध्ये. ५ डिसेंबरला सरकारी वकिलांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून आरोप ठेवणार नसल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याला कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी मिळाली. त्याने सगळे आरोप नाकारले, आणि तो दोषी होता असं मी म्हणत नाही. म्हणायला आधारच उरला नाही, हाच मुद्दा आहे. तपासच रेंगाळला तर तक्रारदारालाही उत्तर मिळत नाही आणि आरोपीचंही नाव धुऊन निघत नाही. विद्यापीठाने २०१६ मध्ये त्या तरुणीला साडेनऊ लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला. नॅशव्हिलमध्ये निदान पहिले सात आठवडे तरी कुणी वाया घालवले नाहीत, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तगलं ते त्या सात आठवड्यांच्या जोरावर.

टेनेसीच्या राज्यघटनेत १९९८ साली एक कलम घातलं गेलं. पहिल्या अनुच्छेदातलं पस्तिसावं. गुन्ह्याच्या बळीला जलद खटल्याचा, आणि दोषसिद्धीनंतर प्रकरणाचा लवकर व अंतिम शेवट होण्याचा हक्क आहे, असं त्यात म्हटलं आहे. फार थोड्या ठिकाणी हे इतक्या उघड शब्दांत सापडेल. आपल्याकडे बलात्काराचा खटला आरोपपत्रापासून दोन महिन्यांत शक्यतो पुरा करावा असं आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत आहे. त्या 'शक्यतो'वर आमची रोजीरोटी चालते. टेनेसीच्या कलमात 'शक्यतो' नाही. तरी चौघांपैकी शेवटच्याचा हिशेब मिटायला २०१८ उजाडलं.

तो शेवटचा म्हणजे मॅकेंझी. त्याने सुरुवातीलाच सरकारला मदत करायचं ठरवलं होतं. आपल्याकडे माफीचा साक्षीदार म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही भूमिका, पण तशी कागदावर बांधलेली नव्हती. साक्ष देताना त्याच्या हातात पक्का करार नव्हता, नुसती आशा होती. सरकारी वकील असा साक्षीदार शेवटपर्यंत टांगून ठेवतात. त्याला आधीच शिक्षा देऊन मोकळं केलं तर पुढच्या खटल्यात तो तोंड उघडेलच याची हमी काय? त्यामुळे बाकीच्यांचे खटले जितके लांबले तितका याचाही फैसला लांबला. विलंबाची ही जात मला या सगळ्या प्रकरणात सर्वात कमी पटते, कारण इतर प्रत्येक विलंबाला निदान कायद्याचं नाव होतं. संघातलाच एक पाचवा खेळाडू, ज्याने प्रकरण दडपायला हातभार लावला होता, त्याने सप्टेंबर २०१३ मध्येच किरकोळ गुन्हा कबूल केला आणि प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) सुटला. गुन्हा दोघांनीही कबूल केला. एकाचं प्रकरण आरोपानंतर काही आठवड्यांत मिटलं, दुसऱ्याचं पाच वर्षांनी.

२०१८ मध्ये मॅकेंझीने लैंगिक हल्ल्याचा कमी गंभीर आरोप मान्य केला. तुरुंग नाही, प्रोबेशन, आणि लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव. कबुलीला ज्युरी लागत नाही. त्या मुलीला पाचव्यांदा साक्षीला उभं राहावं लागलं नाही.